अकरा हजार नऊशे तीस किलोमीटर, सहा पाकिटं

दुबईचा विमानतळ मी पाहिलेला नाही, सिअ‍ॅटलचाही नाही. तरी त्या दोघांमधलं अंतर मला आजही कुणी झोपेतून उठवून विचारलं तर सांगता येईल. अकरा हजार नऊशे तीस किलोमीटर, दहावीस इकडेतिकडे. विमानाला लागणारा वेळ साडेचौदा तास. गेल्या जूनमध्ये ते साडेचौदा तास माझी आई विमानात होती, आणि दर चार तासांनी तिला एक गोळी घ्यायची होती.

आईला कंपवात आहे. सहा वर्षं झाली. हात थरथरतात हा लोकांना दिसणारा भाग. खरा त्रास निराळा. गोळीचा असर उतरला की अंग आखडतं. उभी असेल तर पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात, बसलेली असेल तर उठता येत नाही, आणि आवाज इतका खाली जातो की आपला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा, अशा पाच गोळ्या. रात्रीच्या आठ तासांत गोळी नसते, म्हणून रोज सकाळी ती लाकडासारखी पडून असते. सहाला मी गोळी देतो आणि मग पाऊण तास थांबायचं. पावणेसातला ती स्वतः उठून चहा ठेवते आणि आदल्या रात्री कुणी कुठलं भांडं चुकीच्या जागी लावलं ते सांगते.

धाकटी बहीण एकोणीस वर्षं सिअ‍ॅटलजवळ राहते. आई तिच्याकडे एकदाही गेली नव्हती. दहा वर्षांचा व्हिसा काढून ठेवला होता. आधी वडिलांचं आजारपण, मग तिचं स्वतःचं, असं करत त्यातली नऊ वर्षं संपली. माझ्याकडे व्हिसा नाही, आणि मला मुलाखतीची जी तारीख मिळत होती ती आईच्या व्हिशाची मुदत संपल्यानंतरची होती. डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर यंदा न्या, पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही. आई म्हणाली, "मग मी एकटी जाते. व्हीलचेअर देतात ना विमानतळावर?"

तिची एक अट होती. बहिणीला आजार माहीत होता, पण तो किती वाढलाय ते माहीत नव्हतं. आई तिला दिसायची फोनवर, रोज सकाळी साडेसातला, म्हणजे गोळी चढलेली असताना. उजवा हात आई मांडीखाली दाबून बसायची.

"तिला आधीच सांगितलंस तर ती विमानतळावर रडत उभी राहील," आई म्हणाली. "मी तिच्यासमोर चालत बाहेर येणार. घरी गेल्यावर काय ते माझं मी सांगेन. तू शब्द दे."

मी शब्द दिला. तेव्हापासून माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. सिअ‍ॅटलच्या दारातून बाहेर पडताना तिच्या पोटात वेळेवर घेतलेली गोळी असली पाहिजे.

मी बडोद्यात, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासतो. अठ्ठावीस वर्षं हेच काम. त्यामुळे तिकीट हातात आलं तसा मी कागद घेऊन बसलो. आई शेजारी बसून तिकीट वाचत होती. दुबईहून दुपारी दोनला सुटणार, सिअ‍ॅटलला त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला पोचणार.

"साडेतीन तास?" ती म्हणाली. "एवढ्यात बडोद्याची बस मुंबईला पोचत नाही. उगाच घाबरवतोयस."

मी तिला समजावलं की सिअ‍ॅटलचं घड्याळ दुबईच्या अकरा तास मागे आहे, ते मिळवायचे. मग अंतराचा हिशेब केला. दुबई उत्तरेला सव्वापंचवीस अंशांवर, सिअ‍ॅटल साधारण साडेसत्तेचाळीसवर. रेखांश पाहिले तर दोन्ही गावं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना. म्हणजे सर्वांत जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाशेजारून जातो. दुबईपासून ध्रुव पावणेपासष्ट अंश, ध्रुवापासून सिअ‍ॅटल साडेबेचाळीस. बेरीज एकशे सव्वासात, एका अंशाला एकशे अकरा किलोमीटर आणि वर थोडं. उत्तर आलं अकरा हजार नऊशे तीस. नंतर इंटरनेटवर पाहिलं, तिथला आकडा जवळपास हाच होता. मला फार बरं वाटलं. जून महिन्यात ध्रुवाजवळून, हे मी स्वतःच्या हातानं कागदावर लिहिलं होतं आणि त्यापुढे विचार केला नाही.

गोळ्यांचं मी असं ठरवलं. प्रवासात नीट झोप लागणार नाही, म्हणून डॉक्टरांनी रात्रभरही चार-चार तासांनी घ्यायला सांगितलं होतं. अर्धा तास पुढेमागे चालेल, त्याहून उशीर नको, आणि चुकली म्हणून दोन एकदम अजिबात नको. आईच्या मनगटावर काट्यांचं जुनं घड्याळ असतं. ते बडोद्याच्या वेळेवरच ठेवायचं, कुठल्याही गावाची वेळ लावायची नाही. चार तासांच्या हिशेबानं काटे फक्त तीनच आकड्यांवर येतात. दोन, सहा, दहा. आईनं दोन दिवसांत ते पाठ केलं. पहिली गोळी अहमदाबादच्या वाटेवर गाडीत मी देणार होतो. बाकी सहा मी कागदाच्या सहा छोट्या पाकिटांत घातल्या आणि वर ठळक लिहिलं: सकाळ १०, दुपार २, संध्याकाळ ६, रात्र १०, पहाट २, सकाळ ६.

"क्रमांक घाला की," बायको म्हणाली होती. ती शाळेत शिकवते, उत्तरपत्रिकांची सवय. "वेळ लिहिलीय ना," मी म्हणालो.

अहमदाबादला विमानतळावर एक पद्धत आहे. म्हाताऱ्या आईबापांना पोचवायला आलेली माणसं रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी लोकांना विचारत फिरतात, कुठे चाललात. त्याच गावचं कुणी निघालं की आपलं माणूस त्यांच्या हवाली करायचं. याला सगळे 'कंपनी' म्हणतात. मला ते आवडत नाही. ज्यांना ओळखत नाही त्यांच्यावर काय भरवसा ठेवायचा? पण मी व्हीलचेअरचा कागद दाखवून येईपर्यंत बायकोनं कंपनी शोधलेली होती. आणंदचे एक काका आणि काकी, दोघं सत्तरीच्या आसपास, मुलाकडे सिअ‍ॅटललाच चाललेले. काकांची ही अकरावी खेप.

"कंपनी मळी गई, भाई," काका म्हणाले. "हवे चिंता ना करशो. बेन अमारी साथे."

आई त्यांच्याबरोबर, मी काळजी करायची नाही, असा अर्थ. मी त्यांचा नंबर घेतला, माझा दिला, आणि दोन-सहा-दहाचं सांगितलं. काकींनी ते बोटांवर म्हणून दाखवलं. घड्याळाबद्दल मात्र मी काही बोललो नाही. घड्याळ आईचं, आईला माहीत होतं.

आई चाकाच्या खुर्चीत बसून आत गेली. जाताना म्हणाली, "आता तू जरा जेव. चार दिवस नुसता आकडे खातोयस."

विमान साडेनऊला सुटलं. आम्ही परत बडोद्याला, अकोट्यात घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. पावणेएकला ते दुबईत उतरल्याचं फोनवर दिसलं. एक वाजून पाच मिनिटांनी काकांचा फोन आला. आमचं बोलणं गुजरातीत झालं, ते मी इथे मराठीत लिहितो.

"पोचलो. बेन मजेत आहेत. इडली खाल्ली विमानात. आणि भाई, त्यांचं घड्याळ मागचंच होतं, ते मी दुबईचं करून दिलं. चाकं जमिनीला टेकली की पहिलं काम घड्याळ, हा माझा नियम."

मी काही बोलायच्या आत आवाज तुटला.

दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. आईच्या घड्याळात दोन वाजतील तेव्हा बडोद्यात साडेतीन झालेले असतील, आणि बरोबर साडेतीनला विमान सुटायचं होतं. दहानंतर साडेपाच तास गोळी नाही. म्हणजे विमानात चढायच्या वेळीच ती आखडणार. अशा अवस्थेतल्या प्रवाशाला ते चढू देतात की थांबवून डॉक्टर बोलावतात, हे मला ठाऊक नव्हतं.

मी फोन लावत राहिलो. दोन वाजले. सव्वादोन. आईच्या फोनवर नुसती घंटा, काकांचा लागतच नव्हता. बायकोनं ताट वाढून ठेवलं होतं, ते तिनं परत झाकलं. दोन पन्नासला काकांनी फोन उचलला. मागे गर्दीचा आवाज होता. ते विमानात शिरायच्या रांगेत होते.

"आईला द्या," मी म्हणालो. काकांनी फोन तिच्या कानाला लावला.

"आई, गोळी घेतलीस?"

"दोन कुठे वाजलेत?" ती म्हणाली. आवाज खाली गेलेला होता, शेवटचा शब्द मला नीट कळला नाही.

"वाजून गेलेत. दुपारचं पाकीट काढ. आत्ता घे, काकींकडून पाणी घे."

खूप वेळ लागला. कागद फाटल्याचा आवाज आला, काकी "धीमे धीमे" म्हणत होत्या तेही आलं. मग काका पुन्हा फोनवर आले. मी म्हणालो, "काका, मेहरबानी करून घड्याळाला हात लावू नका."

"म्हणजे दुबईचंच राहू देऊ?"

इथे माझ्या लक्षात आलं की हात लावल्याशिवाय ते सरळ होणार नव्हतं. आईच्या बोटांना घड्याळाची ती बारीक चावी फिरवता येत नाही. "नाही, परत इंडियाचं करा. आता दोन चोपन्न."

"इंडियाला सोडून चाललोय आणि इंडियाचा टाइम कशाला? पायलट सिअ‍ॅटलचा टाइम सांगेल, मी सगळ्यांची त्यावर लावतो."

"काका, ही तुमची सहल नाही, तिचं औषध आहे," मी म्हणालो. जरा जोरात म्हणालो.

पलीकडे कुणीतरी पासपोर्ट मागितला, आणि फोन बंद झाला. त्यानंतर लागला नाही. साडेतीनला विमान सुटलं.

मी जेवायला बसलो, पण काकांना राग आला असेल का, हे डोक्यातून जाईना. राग येऊन त्यांनी घड्याळ तसंच ठेवलं असेल तर पुढची गोळी सहाऐवजी साडेसातला. पायलटचं ऐकून सिअ‍ॅटलचं केलं असेल तर? ते आपल्या साडेबारा तास मागे, म्हणजे काट्यांच्या घड्याळात फक्त अर्धा तास मागे दिसणार. ते चाललं असतं. मी हे सगळं लिहून काढलं. बायकोनं कागद पाहिला आणि म्हणाली, "यातलं एक तरी तुमच्या हातात आहे का?"

संध्याकाळी सव्वाआठला अंधार पडला होता. मी दिवा लावून फोन उघडला. विमानाचा माग दाखवणाऱ्या त्या नकाशावर रात्रीचा भाग काळपट दाखवतात. आपल्यावर काळी सावली होती. विमान रशियाच्या उत्तरेकडे होतं, आणि तिथे लख्ख उजेड. मी नकाशा वर सरकवला. ध्रुवापर्यंत उजेड. ध्रुवापलीकडे कॅनडा, तिथे सकाळ. त्या वाटेवर सावली कुठेच नव्हती.

"तिथे रात्र होणारच नाही," मी म्हणालो.

"कुठे?"

"आईच्या विमानात. जूनमध्ये ध्रुवावर सूर्य मावळत नाही. उजेडात निघाले ते उजेडातच पोचणार. आणि मी पाकिटावर रात्र लिहिलंय. पहाट लिहिलंय."

बायको वही तपासत होती, तिनं लाल पेन खाली ठेवलं. "आईंना घड्याळ कळतं. ओळीनं घेतील."

"ओळ लिहिलेली नाही."

तिनं मला क्रमांकाची आठवण करून दिली नाही. कारखान्यात एका साध्या मापपट्टीलाही मी क्रमांक चिकटवल्याशिवाय खोलीबाहेर जाऊ देत नाही.

मी विमान कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. बावीस मिनिटं थांबल्यावर एक मुलगी बोलली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की निरोप नोंदवते, पण तो विमानातल्या लोकांपर्यंत पोचेल असं सांगू शकत नाही. खोटा धीर दिला नाही, हे मला बरं वाटलं, आणि त्याचा उपयोग काही नव्हता.

"ताईंना कळवून टाका," बायको म्हणाली. माझ्या बहिणीला ती ताईच म्हणते. "तिथे आत्ता सकाळ असेल. त्या विमानतळावर सांगून तरी ठेवतील."

"आईला शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलाय. अंग त्यांचं आखडणार आहे."

मी बहिणीला लिहायला घेतलं. आई आता गोळी नसेल तर उभी राहू शकत नाही, एवढं एक वाक्य. ते लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं. मग वाटलं, आईनं नेमानं सगळ्या गोळ्या घेतल्या असतील, ती हसत चालत बाहेर येईल आणि मी तिची एकच गोष्ट मोडलेली असेल. मी ते पुसून टाकलं आणि फोन उलटा ठेवला. झोप कुणालाच नीट लागली नाही.

सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विमान उतरलं. सहा पस्तीसला काकांचा फोन आला.

"भाई, बेनना उठता येत नाहीये. सगळे उतरून गेले. आम्ही थांबलोय, व्हीलचेअरवाला पण आलाय, पण त्या खुर्चीतून हलेनात. डोळे उघडे आहेत, बोलायला बघतायत."

"पाकिटं बघा. किती शिल्लक आहेत?"

"दोन. एकावर पहाट लिहिलंय, एकावर सकाळ."

"त्यातलं कुठलंही एक द्या. एकच. गोळी तीच आहे. पाण्याचा अगदी लहान घोट, आणि मान पुढे ठेवायला सांगा."

काकांनी काकींना सांगितलं. मी घड्याळाकडे बघत होतो. सहा अडतीस. "घेतली," काका म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "बेनचं घड्याळ मी तेव्हाच इंडियाचं करून दिलं होतं. त्यानंतर हात लावला नाही."

मी म्हणालो, "काका, मी काल बरोबर बोललो नाही." ते म्हणाले, "आई आहे, एवढं तर होणारच." त्यांचा मुलगा बाहेर वाट बघत होता आणि ते दोघं त्या रिकाम्या विमानात आईशेजारी उभे होते.

गोळीला पाऊण तास लागतो. मला वाटलं, पासपोर्टची रांग तिथे फार मोठी असते म्हणतात, तेवढ्यात असर होईल. पण खुर्चीतल्या प्रवाशांची रांग वेगळी असते, आणि ती सोय मीच तिकिटाबरोबर मागून घेतली होती. आईला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि वीस मिनिटांत सगळ्यांना बाहेर सोडलं.

सात वाजून दहा मिनिटांनी बहिणीचा फोन आला.

"दादा, आईला काय झालंय? ती माझ्याकडे बघतेय पण बोलत नाहीये."

"गोळी घेतलीय. दहापंधरा मिनिटांत बोलेल. तिला बाकावर हलवू नकोस, खुर्चीतच राहू दे. तिचे हात हातात धर."

"काय लपवलंत तुम्ही माझ्यापासून?"

मी म्हणालो, "फोन चालू ठेव." तिनं ठेवला. त्या विमानतळावरच्या सूचना, सामानाची चाकं, कुणाचं तरी लहान मूल, हे सगळं मी अकोट्यातल्या स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. बायकोनं चहा पुढे केला, तो मी हातात धरून राहिलो. सात पंचवीसच्या सुमाराला आईचा आवाज आला. बारीक, पण शब्द कळत होते.

"फोन मला दे. त्यालाच विचारायचंय." मग मला: "रात्रीची घेऊन डोळा लागला. जागी झाले तर घड्याळात दोन वाजलेले, ऊन होतं, जेवण वाटत होते. दुपार दोनचं पाकीट बघितलं तर रिकामं. म्हणजे मी घेतलेली होती. यात माझं काय चुकलं?"

"काही नाही."

"पहाटेची वाट बघत होते मी. खिडकी उघडायला लावली दोनदा. विमानातली ती पोरगी म्हणाली, आजी, डोळे दुखतील."

"माझी चूक झाली, आई."

"चालत यायचं होतं मला," ती म्हणाली, आणि फोन बहिणीकडे दिला.

बहीण थोडी लांब गेली असावी, मागचा आवाज कमी झाला. ती रडत होती की नाही मला कळलं नाही. म्हणाली, "हे असं किती दिवस चाललंय?"

"दीड वर्ष."

"सगळं सांग. मी लिहून घेते."

मी सांगितलं. गोळीचं नाव, वेळा, सकाळचा पाऊण तास, कुठल्या खाण्याबरोबर गोळी लागू पडत नाही, दार आलं की पाय कसे अडतात आणि तेव्हा 'एक-दोन' म्हणत कसं चालवायचं. ती मधूनमधून "हं" म्हणत होती. बोलत बोलत ती परत आईजवळ आली असावी, कारण मागून काकी निरोप घेत होत्या ते ऐकू आलं.

"पडलीय का कधी?" बहिणीनं विचारलं.

"तीनदा."

"दोनदा," मागून आई म्हणाली. आवाज आता बराच मोकळा झाला होता. "बाथरूमपाशी मी पडले नव्हते. खाली बसले होते."

"दादा, दोन लिहू की तीन?"

"तीन लिही," मी म्हणालो.